हर्षद अजून आलेला नाही

ठमाबाईने शेवटचा मासा खाल्ला त्याला येत्या होळीला दोन वर्षं होणार होती.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या जेटीवर चाळीस वर्षं लिलावात उभं राहून मासळी घेतलेली, डोक्यावर टोपली ठेवून ती दारोदार विकलेली आणि घरात सुरमईच्या डोक्याचं कालवण कधी दुसऱ्या कुणाच्या ताटात पडू न दिलेली ही बाई. ती आता कुळथाच्या पिठीवर आणि काळ्या वाटाण्याच्या आमटीवर दिवस काढत होती. वाडीत कुणी म्हणे डॉक्टरांनी बंद केलं, कुणी म्हणे म्हातारपणी माळ घातली. खरं कारण घरच्या माणसांना आणि देवळातल्या गुरवालाच ठाऊक होतं आणि ते बाहेर सांगायची सोय नव्हती. हर्षद परत येईपर्यंत मासा खाणार नाही, असं ठमाबाई देवापुढे बोलून बसली होती. आणि हर्षद नावाचा माणूस मुळात जगात नव्हता.

झालं होतं असं. रुचिरा नावाची एक मुलगी मुंबईहून मालिकेचा पहिला भाग करायला आली होती. आजोळ चिपळूणचं, त्यामुळे बोलायला मोकळी, वाशिष्ठीच्या पुराच्या गोष्टी सांगणारी. मालिकेचा एक भाग नमुन्याला करायचा, वाहिनीच्या साहेबांना दाखवायचा आणि त्यांना पसंत पडला तर पुढचे करायचे, अशी या धंद्याची रीत. गोष्ट एका खलाशाच्या घरातली होती. मुलगा हर्षद लाँचवर जातो, वादळ होतं, लाँच येत नाही, आणि आई काठावर उभी राहून देवाला गाऱ्हाणं घालते. तिथे पहिला भाग संपायचा. ठमाबाईच्या मुलाची, रघूची लाँच त्यांनी एका दिवसापुरती घेतली होती. वाडीतले खलाशी गर्दीत उभं राहायला आले होते आणि ठमाबाई नुसती बघायला.

आईचं काम करायला मुंबईची एक मोठी नटी आली होती. बाई देखणी, पातळ चापूनचोपून नेसलेली, पण गाऱ्हाणं घालायला उभी राहिली आणि कविता म्हणावी तशी म्हणू लागली. चार वेळा घेतलं, चारही वेळा तसंच. शेवटी ठमाबाईला राहवेना.

"गो बाय, असं बोलतात म्हाराजाशी? तू तर पत्र वाचून दाखवतेस."

सगळे हसले. नटीबाई रागावून सावलीत जाऊन बसल्या. रुचिरा मात्र हसली नाही. ती ठमाबाईजवळ आली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही म्हणून दाखवता?"

आणि ठमाबाईने म्हणून दाखवलं. गाऱ्हाणं काही तिला शिकायचं नव्हतं. तिची सासू जनी, हिने ज्या वर्षी खरंच गाऱ्हाणं घातलं होतं, त्या वर्षी ठमाबाई नवी नवरी होती. सासऱ्यांचं गलबत वाऱ्यात सापडलं होतं. जनी गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, घरधनी काठाला लागेपर्यंत पाण्यातल्या जिवाला तोंड लावणार नाही. चौथ्या दिवशी गलबत आलं. जनी पुन्हा तशीच पाण्यात उतरली, गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेवर हात ठेवला आणि म्हणाली, "आला म्हाराजा, माझं बोलणं मला परत दे." त्यानंतरच तिने घरी येऊन चूल पेटवली. नाळेचं ते ओलं लाकूड आणि त्यावर टेकलेला सासूचा हात ठमाबाईला पन्नास वर्षांनीही कालचा वाटे.

तर त्या दिवशी कॅमेऱ्यापुढे ठमाबाई पाण्यात उतरली. "बा म्हाराजा, दर्याच्या धन्या," अशी तिने सुरुवात केली आणि मागे गर्दीला म्हणून उभ्या केलेल्या खलाशांनी सवयीने साद दिली, "व्हय म्हाराजा!" त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. गाऱ्हाणं ऐकलं की कोकणातल्या माणसाच्या तोंडून ते आपोआप निघतं. ती साद कानावर पडली आणि ठमाबाईचं भान सुटलं. कागदावर नसलेलं वाक्य तिच्या तोंडून गेलं, "माझा हर्षद ह्या काठाला लागेपर्यंत पाण्यातल्या जिवाला मी तोंड लावणार नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एरवी दर दोन मिनिटांनी कुणीतरी 'कट' म्हणून ओरडायचं, त्या वेळी कुणी ओरडलं नाही. रुचिरा तोंडावर हात धरून उभी होती. मग ठमाबाईच आपली पाण्यातून बाहेर आली आणि पातळ पिळत घरी गेली.

त्या संध्याकाळी सुनेने, योगिनीने, ताटात तळलेला बांगडा वाढला. ठमाबाईचा हात बांगड्यापर्यंत गेला आणि थांबला.

"काय झालं, आई?"

"हर्षद आला नाय ना अजून."

योगिनी हसली. मग सासूचं तोंड बघून हसायची थांबली. "अहो आई, ते नाटक होतं."

"माझं नाटक होतं गो. पण 'व्हय म्हाराजा' म्हणणारे आपले पोरगे होते. एकदा ती साद पडली की बोलणं आपलं राहत नाय." तिने बांगडा सुनेच्या ताटात सरकवला. "महिन्याभराचा तर प्रश्न. चौथ्या भागात येतो म्हणालीय ती पोर."

पण चौथा भाग झालाच नाही. मे महिन्यात रुचिराचा रघूला फोन आला. वाहिनीने मालिका नाकारली होती. साहेबांचं म्हणणं असं पडलं, की संध्याकाळी बायकांना स्वयंपाकघर बघायचं असतं, दर्या नको असतो. झालं. ज्या गोष्टीत हर्षद परत यायचा ती गोष्टच मेली, आणि हर्षद जिथे होता तिथेच राहिला. ना बुडालेला, ना पोचलेला.

घरच्यांनी काही करायचं बाकी ठेवलं नाही. रघू म्हणाला, "आये, हर्षदचं काम केलेला तो चिराग दुसऱ्या दिवशी आपल्या घरी जेवला की नाय? दोन पापलेटं खाऊन गेला. म्हणजे परतच आला ना तो?"

"तो चिराग आला," ठमाबाई म्हणाली. "ठाण्याचा. मी त्याला कुठे मागितला होता?"

योगिनी म्हणाली, "निदान तिसऱ्या खा. ते शिंपले काय, वाळूत असतात."

"म्हाराजाला वकिली दाखवू नकोस."

पण आतून ठमाबाईचाही घोळ झाला होता. तिला कळत होतं की हर्षद खोटा आहे. तिला हेही कळत होतं की आपण बोललो ते खरं आहे. खोट्या माणसासाठी खरं बोललं तर त्याचं काय होतं, हे तिला तिच्या आईने शिकवलं नव्हतं आणि सासूनेही नाही. त्यांच्या काळी हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता.

शेवटी ती वाडीच्या देवळात गेली. आप्पा गुरव तिच्याच वयाचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि देवाला कौल लावला. दोन पाकळ्या ओल्या करून देवाच्या छातीवर चिकटवल्या. उजवी पडली तर बोलण्यातून सुटका, डावी पडली तर नाही. दोघं समोर बसून राहिली. अर्धा तास पाकळ्या हलल्या नाहीत. आणि मग पडल्या, त्या दोन्ही एकदम.

आप्पा बघतच राहिला. "ठमाबाय, असा कौल माझ्या बापाच्या काळात पण पडला नाय."

"म्हणजे काय समजायचं?"

"म्हणजे म्हाराजालाच प्रश्न कळला नाय. दुसरं काय!"

देवच गोंधळला म्हटल्यावर माणसाने कुणाकडे जायचं? ठमाबाई घरी आली आणि तिने पिठीला फोडणी घातली.

अशी दीड-पावणेदोन वर्षं गेली. आणि यंदा संक्रांतीनंतर रुचिराचा पुन्हा फोन आला. या वेळी तो तिने ठमाबाईलाच द्यायला लावला.

"आजी, आनंदाची बातमी आहे. तो पडून राहिलेला भाग मी पुन्हा कापला, जोडला. त्याची शॉर्ट फिल्म केली, बावीस मिनिटांची. दोन ठिकाणी दाखवली, लोकांना फार आवडली. आता रत्नागिरीत दाखवणार आहोत, नाट्यगृहात. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं."

"पुरी झाली गोष्ट?" ठमाबाईने विचारलं.

"हो, पुरी झाली."

ठमाबाईने फोन ठेवला आणि किती दिवसांनी रघूला हाक मारली ती पहिल्यासारखी, लिलावातल्या आवाजात. "रघू, रविवारी सुरमई येईल ती लिलावात घालू नकोस. मोठी बघून ठेव. डोकं मोडू देऊ नकोस त्या बर्फवाल्यांना!"

रविवारी नाट्यगृह भरलं होतं. वाडीतली निम्मी माणसं आपापली तोंडं पडद्यावर बघायला आली होती. चिरागही आला होता. दाढी वाढवलेली, अंगाने भरलेला. त्याने ठमाबाईच्या पाया पडून विचारलं, "आजी, ओळखलंत का?"

"ओळखलं. तू चिराग," ती म्हणाली. आणि त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहिली.

अंधार झाला. पडद्यावर जेटी आली, रघूची लाँच आली, हर्षद आला. नटीबाई, मध्ये मध्ये येणाऱ्या शेजारणी, सावकार, हर्षदची ठरलेली बायको, हे सगळं रुचिराने काढून टाकलं होतं. नुसता मुलगा जातो आणि आई वाट बघते एवढंच उरलं होतं. मग ठमाबाई स्वतः पाण्यात उतरली. "बा म्हाराजा," ती पडद्यावरून म्हणाली, आणि पडद्यावरच्या माणसांबरोबर नाट्यगृहातली माणसंही म्हणाली, "व्हय म्हाराजा!" मागच्या रांगेत कुणी नाक ओढलं. पडद्यावरची ठमाबाई बोलायची थांबली. समोर रिकामा दर्या. पाणी येतंय, जातंय. ठमाबाई खुर्चीत पुढे सरकली. आता क्षितिजावर ठिपका दिसेल.

पडद्यावर अक्षरं यायला लागली. दिवे लागले. टाळ्यांचा कडकडाट झाला, लोक उभे राहिले. ठमाबाई तेवढी बसून होती.

"आये, ऊठ. तुझ्यासाठी वाजवतायत टाळ्या," रघू म्हणाला.

"आणि पुढचं?"

"पुढचं नाय. संपलं."

"संपलं कसं? पोर कुठाय?"

रुचिरा स्टेजवरून खाली आली ती रडत-हसत. तिने ठमाबाईचे हात धरले. "आजी, सगळे विचारतात, हर्षद परत आला की नाही? तेच तर हवं होतं मला. तुमच्या गाऱ्हाण्यावर संपवलं मी. त्यापुढे दाखवण्यासारखं काही नाहीच."

"तुला नसेल गो बाय," ठमाबाई म्हणाली. "माझी घरी सुरमई थांबलीय."

रुचिराला काही कळेना. तिने रघूकडे बघितलं. रघू पायाकडे बघत होता. शेवटी योगिनीने बाजूला नेऊन तिला सगळं सांगितलं. बांगडा, कौल, पिठी, सगळं. रुचिरा परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"दोन वर्षं? आजी, तुम्ही मला एक फोन का नाही केलात?"

"काय सांगू फोनवर? तुझा नसलेला पोरगा आणून दे म्हणून?"

रुचिराने एकदम कपाळाला हात लावला. "थांबा! पण तो आलाय! हर्षद आलाय, आजी! चौथ्या भागातलं परत येणं आम्ही त्याच दिवशी घेऊन ठेवलं होतं. लाँच एकाच दिवसाची होती ना, म्हणून जाणं आणि येणं दोन्ही घेतलं. ते कुठे वापरलंच नाही." तिने तिथल्या तिथे लॅपटॉप उघडला आणि खुर्चीवर ठेवला. ठमाबाई वाकून बघू लागली. सकाळचं कोवळं ऊन, रघूची लाँच जेटीला लागतेय, नाळेवरून हर्षद उडी मारतोय. काठावर कुणीच नाही.

ठमाबाईने दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. "हे ऊन सकाळचं ना?"

"हो. सातला घेतलं हे. तुम्ही यायच्या आधी."

"आणि मी गाऱ्हाणं घातलं दुपारी."

"हो."

"म्हणजे पोर आधी परत आला, आणि मग हरवला."

रघू म्हणाला, "आये, शूटिंगमध्ये पुढचं मागचं असंच असतं गो. ते लोक मग नीट लावतात."

"हिने लावलं का नीट? नाय ना लावलं! मग म्हाराजाच्या हिशोबी काय? सकाळी आला तो कुणी मागितलाच नव्हता. दुपारी मागितला तो आलाच नाय." ती खुर्चीत मागे टेकली. "डोक्याची भाजी झाली माझ्या."

नाट्यगृहाचा माणूस खुर्च्यांमधून येरझाऱ्या घालत होता, दिवे घालवायचे म्हणून. आणि मग ठमाबाई उठली. लिलावात मनाशी ठरलं की ती अशीच पदर खोचून पुढे व्हायची.

"रघू, उद्या सकाळी लाँच मोकळी हाय?"

"हाय."

"चिरागला घेऊन बाहेर जा. बंधाऱ्याच्या पलीकडे, काठावरून दिसेनासा होईपर्यंत. आणि मग आण परत. तुझं ते निळं चौकड्याचं शर्ट दे त्याला, त्या वेळी त्याने घातलं होतं ते." मग रुचिराकडे वळून, "आणि तू कॅमेरा आण."

रुचिरा चाचरली. "आजी, मी नक्की येईन. पण फिल्म झालीय आता. पुढच्या महिन्यात ती बाहेरगावी जातेय. हे तिच्यात जोडता नाही येणार. जोडलं तर..." ती थांबली. "जोडलं तर सगळंच जाईल त्यातलं."

"नको जोडू. कुणाला दाखवू पण नकोस. पण कॅमेरा पायजेच."

"दाखवायचं नाही तर कॅमेरा कशाला?"

ठमाबाईला एवढ्या शिकलेल्या पोरीची कीव आली. "अगो, कॅमेरा नसला तर लाँचवरनं उतरेल तो चिराग. कॅमेरा असला तरच तो हर्षद."

दुसऱ्या दिवशी सकाळी जेटीवर नेहमीची गडबड होती. बर्फाची लादी फोडत होते, बायका टोपल्या घासत होत्या, चारपाच खलाशी जाळं पसरून शिवत बसले होते. रघूने चिरागला लाँचवर घेतलं. निळं शर्ट आता त्याच्या पोटावर ताणत होतं. लाँच बंधाऱ्याला वळसा घालून गेली आणि दिसेनाशी झाली. ठमाबाई कडेच्या वाळूत उतरून गुडघाभर पाण्यात उभी राहिली. रुचिराने कॅमेरा लावला.

लाँच लवकर येईना. ठमाबाईला ठाऊक होतं की मुद्दाम गेलेले लोक मुद्दाम येणार आहेत. तरी ती एक पाऊल आणखी आत सरकली. रघू पण लाँचवर आहे हे तिच्या आता ध्यानात आलं. जनी चार दिवस कशी उभी राहिली असेल? ती दर्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिला कळेना, की आपण कुणाची वाट बघतोय. चिरागची, रघूची, की त्या गलबताची?

मग लाँच दिसली. जवळ आली. नाळेवर निळं शर्ट दिसलं, आणि ते शर्ट कठड्यावरून वाकून भडाभडा ओकत होतं.

जाळ्यावरचे खलाशी खदखदून हसले. "अरे, खलाशाचा पोर आणि त्याला दर्या लागला!"

रघू ओरडला, "आये, ह्याला उलट्या होतायत! पुन्हा फिरून येऊ काय?"

ठमाबाई घटकाभर घोटाळली. समुद्रावर वाढलेला पोरगा ओकेल कसा? हा हर्षद नव्हेच. मग तिने त्याचा पांढराफटक चेहरा नीट बघितला.

"काय नको!" ती म्हणाली. "दोन वर्षं भरकटला तो. ओकेल नाय तर काय करील?"

चिराग धडपडत पाण्यात उतरला. त्याला काय बोलायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. तो नुसता ठमाबाईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आलो." तिने ओल्या हाताने त्याचं तोंड पुसलं. मग पुढे होऊन लाँचच्या नाळेवर तळहात टेकला. आता नाळ लाकडी नव्हती, फायबरची होती, पण तशीच ओली होती.

"आला म्हाराजा," ती म्हणाली. "जसा मागितला तसा आला. माझं बोलणं मला परत दे."

जेटीवर कुणी हसलं नाही. जाळं शिवणाऱ्यांपैकी एकाने, सुई तशीच हातात धरून, खाली मानेने साद दिली, "व्हय म्हाराजा." आणि मग बर्फवाले, टोपल्या घासणाऱ्या बायका, लाँचवरून रघू, सगळेच म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

घरी योगिनीने पान मांडलं. मधोमध सुरमईच्या डोक्याचं कालवण, वर कोकमाचं आगळ, वाफ निघतेय. रुचिरा शेजारी बसली होती, चिराग भिंतीला टेकून नुसता भात चिवडत होता. ठमाबाईने घास उचलला. तोंडापाशी नेला. आणि थांबवला.

योगिनीने हातातली पळी खाली ठेवली. "आता काय राहिलं, आई?"

ठमाबाई रुचिराकडे वळली. "बाय, मघाशी पाण्यात तू 'कट' म्हणालीस काय?"

रुचिरा आठवू लागली. "नाही म्हणाले. विसरलेच."

"आणि दोन वर्षांपूर्वी?"

"तेव्हाही नाही."

"तरी म्हटलं, इतका घोळ कशाने झाला! म्हण मग आता. दोन्ही वेळचं एकदम म्हणून टाक."

रुचिराने डोळे पुसले, पाठ सरळ केली आणि स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाली, "कट!"

ठमाबाईने घास तोंडात घातला. डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली. घरातली सगळी माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती.

"योगिनी," ती म्हणाली, "आगळ जास्त घातलंस गो."